बादशहाच्या घरात दिलेला शब्द

बादशहा मुलाणी लष्करात स्वयंपाकी होता. पेन्शन घेऊन पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आला आणि लग्नाकार्यांत भांडी चढवू लागला. लालासाहेबांच्या घरचं लग्न असो की नाथाजीआप्पांच्या नातवाचं बारसं, आचारी बादशहाच. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या निकालानंतर ही दोन माणसं एकाच दुपारी त्याच्या पुढच्या खोलीत बसली. एकमेकांच्या उंबऱ्यात पाय ठेवायला ती तयार नव्हती.

नऊ जागांत दोघांच्याही गटांना चार-चार. उरलेला एक अपक्ष, तो निवडून आल्याबरोबर पुण्याला नोकरीला गेला आणि मीटिंगला कधी फिरकला नाही. तेव्हा ठरलं असं, की पहिली अडीच वर्षं लालासाहेबांची भावजय बनुबाई सरपंच, पुढची अडीच नाथाजीआप्पांची सून शिवांजली. कागद काही केला नाही. बादशहाच्या बायकोनं, हुसेनबीनं, चहा दिला, दोघांनी बादशहासमोर शब्द दिला आणि उठले.

अडीच वर्षं झाली. बनुबाईंचा राजीनामा काही येईना.

"सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी आमचा माणूस पाडला," लालासाहेब म्हणाले. "शब्द तितंच मोडला. तरीबी आधी मीटिंगला या म्हणावं, आडलेली कामं मंजूर करा, मग बघू."

"आधी राजीनामा," नाथाजीआप्पा म्हणाले. "मग मीटिंग."

आप्पांच्या चौघांनी मीटिंगला यायचं बंदच केलं होतं. चार माणसांत कोरम होत नाही. अविश्वास आणावा तर त्याला तीन चतुर्थांश हात लागतात, ते कुणाकडंच नव्हते. नव्या अंगणवाडीच्या भिंती उभ्या राहिल्या, पण स्लॅबच्या वाढीव खर्चाला मंजुरी मिळेना. वर काढलेल्या सळया गंजत चालल्या. उन्हाळ्यात नळाची मोटर जळली, तिचंही तसंच. बाया टँकरमागं पळत होत्या.

आणि दोन्हीकडचे लोक भांडायला यायचे ते बादशहाकडं.

"तुज्या घरात शब्द दिला व्हता नव्हं? मग सांग त्यास्नी!"

बादशहा जायचा. वरच्या आळीतून खालच्या आळीत, खालच्या आळीतून वरच्या. लालासाहेबांचा निरोप आप्पांना, आप्पांचा लालासाहेबांना. शिव्या गाळून सांगायचा, तरी दोघांनाही त्या ऐकू यायच्याच. गुडघे दुखायचे. लग्नाचं काम असलं की भात वाफेवर टाकून त्याला निरोप घेऊन पळावं लागायचं. हुसेनबी वैतागून म्हणायची, "किसके वास्ते फिरते तुम? कुर्सी उनकी, पाँव तुमारे."

तो पायात चपला सरकवायचा. लष्करात निदान वरून हुकूम यायचा, इथं हुकूम देणारं कुणी नव्हतं.

एकदा तो निरोप घेऊन गेला तर लालासाहेब कराडला गेलेले. बनुबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बादशहा पायरीवर टेकला. इतका थकला होता, की काही ठरवून नव्हे, सहज बोलून गेला.

"वहिनी, तुमाला सोताला काय वाटतंय? सोडायचीय का न्हाई खुर्ची?"

बनुबाईंचे हात थांबले. "भावजी, ह्ये मला आजवर कुणी इचारलंच न्हाई."

"मी इचारतोय."

"मला कशाला हवीया? सईला बोलवत्यात, सई करून येती. पर ती अंगणवाडी मी मागून आणलीया. पोरं देवळाच्या कट्ट्यावर बसत्यात. मी उतरले की आप्पा म्हणनार, त्ये मागच्यांचं काम, ऱ्हाऊ द्या. स्लॅबचा ठराव हू द्या. त्याच मीटिंगीत मी राजीनामा लिवून ठिवते. मग मला कुणी आडवू दे."

बादशहा तिथून थेट खालच्या आळीला गेला. पण या खेपेला आप्पांच्या बैठकीत न शिरता मागल्या दारानं परड्यात गेला. शिवांजली कपडे वाळत घालत होती. बनुबाईंचं म्हणणं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

तिनं विचारलं, "नक्की त्याच बोलल्या? लालासाहेबांनी पढवलं नाही?"

"त्या बोलल्या. शेंगा फोडता फोडता."

तिनं हातातला कपडा पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "चाचा, माझा पोरगाबी त्याच कट्ट्यावर बसतोय. मी येते मीटिंगला. मामंजींचं मी बघते."

ती आली. लालासाहेबांचे चार आणि ही पाचवी, कोरम झाला. स्लॅबचा आणि मोटरीचा ठराव झाला. बनुबाईंनी राजीनामा ग्रामसेवकापुढं ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीनं पाटणला जाऊन पंचायत समितीत दिला. लालासाहेबांनी घरात आदळआपट केली, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले. नव्या सरपंचाच्या निवडीला शिवांजलीसाठी पाचवा हात वर झाला, तो बनुबाईंचा होता.

गावाला वाटलं, आता दोन्ही घरं बादशहाला नावाजतील. तसं काही झालं नाही. "तू माज्या घरात काडी घातलीस," असं लालासाहेब त्याला भर चौकात म्हणाले, आणि पुतणीच्या लग्नाला कराडचा केटरर आणला. नाथाजीआप्पांना सरपंचपद मिळालं, पण सून न विचारता गेली हे त्यांना गिळवेना. तेही तोंड फिरवून जाऊ लागले. तो कुणाशीच भांडला नाही. भांडायला अंगात जोर राहिला नव्हता.

नळ सुरू झाला. स्लॅब पावसाच्या तोंडावर कसाबसा ओतून झाला. त्या दिवशी शिवांजली आणि बनुबाई दोघी उन्हात उभ्या होत्या, एकमेकींशी फारशा न बोलता. बादशहाला बोलावणं होतं. तो गेला नाही.

तो कुपवाडला लेकीकडं, रुमानाकडं गेला होता. जावई कारखान्यात पाळीला गेला होता. रुमानानं विचारलं, "अब्बा, गावाकडं काय म्हणतंय?"

"चाललंय," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. शेजारच्या वर्कशॉपात लेथ मशीन करकरत होती, तरी त्याला लगेच झोप लागली. जेवायला उठवायला गेलेली रुमाना तशीच परत फिरली आणि ताटावर झाकण ठेवून बसली.