साडेचार हजारांची शिलाई मशीन: अमरावती ते अकोला, एसी सोळावर

आमच्या आईचा वाढदिवस तिच्या शाळेतल्या गुरुजींनी ठरवलेला आहे. नाव घालताना त्यांनी जी तारीख टाकली, तीच आजवर चालू आहे. त्या हिशोबाने या जूनमध्ये तिला सत्तर पूर्ण होणार होती, आणि मी ठरवलं की अमरावतीहून केक घेऊन अकोल्याला जायचं. साधा नाही, खास बनवून घेतलेला, हुबेहूब तिच्या शिलाई मशीनच्या आकाराचा.

आता यामागचं खरं कारण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईकडे पैसे उतू चाललेत. दिवाळीच्या आधी आई आठवडाभर मावशीच्या गावी गेली होती. मी अकोल्याला जाऊन घर आवरायला घेतलं. आईची पायाने चालवायची जुनी मशीन भंगारवाल्याला देऊन टाकली आणि तिच्या जागी नवी कोरी विजेवरची आणून ठेवली. मला वाटलं, आई खूश होईल. याच जुन्या मशीनवर तिने चाळीस वर्षं अर्ध्या जुन्या शहराचे ब्लाउज शिवले आणि आम्हा दोघा बहीणभावांना शिकवलं, हे मला माहीत होतं. तरी दिली. नंतर भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली, पण मशीन पुढे गेली होती.

आई आली, पाहिलं, आणि माझ्याशी बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. फोन केला की आमची वहिनी वैशाली उचलायची आणि मागून आईचा आवाज यायचा, "तिले सांग, मी बरी हाव." सात महिने मी माझ्या आईशी वैशालीमार्फत बोलत होते. दोघीही एकाच फोनजवळ, आणि मधे दुभाषी. मग माझ्या डोक्यात केक आला.

केक करणाऱ्या नसरीन आपा अमरावतीतच, आमच्या घरापासून ऑटोने दहा मिनिटांवर राहतात. घरातच ओव्हन आहे, आणि जिन्यापासूनच व्हॅनिलाचा वास येतो. ज्यांना मागवायचा असेल त्यांच्यासाठी: आठ दिवस आधी सांगावं लागतं, निम्मे पैसे आगाऊ. साधा केक किलोला सातशेच्या आसपास. माझा तीन किलोंचा, आकारासकट साडेचार हजार.

"आपा, थोडं कमी नाही का होणार?" मी विचारून पाहिलं. न विचारता पैसे दिले तर झोप लागत नाही मला.

"बाजी, केकचे पैसे नाही घेऊन राहिली मी," आपा म्हणाल्या. "केक तो घंटे भर में होता. ये चाक पाहा, ये पायडल पाहा. तीन दिवस बसून राहिली मी. सुई तीन वेळा तुटली."

खरंच, काय चीज बनवली होती! साखरेची जी कणीक असते, फाँडंट म्हणतात तिला, तिची काळी मशीन, वर सोनेरी वेलबुट्टी, सुईखाली गुलाबी ब्लाउजपीस, बाजूला दोऱ्याची रिळं. मी पाठवलेल्या एका फोटोवरून एवढं सगळं. माझे डोळे भरून आले. शेजारी उभ्या आमच्या ह्यांनी खोका उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "एवढ्यात पाच किलो पेढे आले असते."

निघताना आपांनी बजावलं, "एसी सोला पे रखना. बंद केला न, तं अकोल्यात मशीन नाही, भजं पोचन."

सकाळी नऊला निघालो. अमरावती ते अकोला अंतर शंभराच्या आत आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा सरळ रस्ता, दोन तास खूप झाले. रस्ता आता छान झालाय, टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. पण हे सगळं केक नसेल तेव्हाचं. आमच्या गाडीत खोका माझ्या मांडीवर होता, आणि ह्यांनी गाडी अशी चालवली की बडनेऱ्याच्या पुढे आम्हाला एका ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. ट्रॉलीत बसलेल्या बायांनी वाकून आत पाहिलं.

त्यांचंही चुकलं नाही म्हणा. बाहेर रस्त्यावर पापड भाजावा असं ऊन, मृग लागायला अजून अवकाश, माणसं डोक्याला दुपट्टे बांधून फिरतायत. आणि आत आम्ही दोघं. ह्यांच्या अंगात स्वेटर, माझ्या अंगावर शाल, एसीचं तोंड केककडे. मूर्तिजापूर येईस्तोवर ह्यांना तीन शिंका आल्या.

"शिंकू नका, केक हलतो," मी म्हटलं.

"लग्नात तुझ्या बापानं एवढं जपून नाही पाठवलं तुले," हे म्हणाले. खोका धरलेला होता म्हणून, नाहीतर एक कोपरखळी बसली असती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धाब्यावर नाश्ता केला. तिथला आलूबोंडा आणि त्यावर तर्री जरूर खा, दोघांचं चहासकट शंभरात भागतं. फक्त आम्हाला पाळीपाळीने खावं लागलं, कारण एसी बंद करायचा नव्हता. मी स्वेटरवाल्या नवऱ्याला आत ठेवून बाहेर आले, तर धाबेवाले काका काळजीने म्हणाले, "साहेबाले ताप हाय का वं? काळा चहा देऊ का लिंबू पिळून?"

"त्यांना नाही काका, केक आहे."

"केकले ताप हाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. काकांनी खोक्याच्या झरोक्यातून पाहिलं आणि किंमत विचारली. ती ऐकून म्हणाले, "बाप्पा! एवढ्यात खरी मशीन येते की वं." तेच तर दुखणं होतं. खरी मशीन मी दिली होती, नवी कोरी, आणि आईने तिच्यावर सात महिन्यांत एक टाका घातला नव्हता. वैशालीने तिच्यावर टेबलक्लॉथ घालून वर मनीप्लांट ठेवलाय.

अकोल्यात शिरून मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुनं शहर सुरू होतं, आणि चारचाकीचं काम संपतं. गाडी बाजाराच्या तोंडाशी लावा आणि पायी चला. आम्हीही तेच केलं. दोघांनी दोन बाजूंनी खोका धरला आणि गल्लीत निघालो. इथे कोणी काही घेऊन चाललं आणि त्याला विचारलं नाही, असं होत नाही.

"काय हाय वं मने, डब्ब्यात?" कोपऱ्यावरच्या काकू.

"मशीन आहे काकू, शिलाईची."

"अजून एक? अवं, थे पहिलीच वापरून नाई राहिली तुई माय!"

म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं. इतका वेळ केक वाचवायच्या नादात मुख्य गोष्ट मागे पडली होती. आई केक पाहून पुन्हा वैशालीलाच म्हणाली, "तिले सांग, छान हाय," तर मी काय करणार होते? दाराशी पोचलो, तेव्हा मला उंबऱ्यातूनच परत फिरावंसं वाटलं.

आत गेलो. आई खाटेवर बसलेली, नवं लुगडं, डोक्याला तेल. जावयाला "या" म्हणाली. माझ्याकडे पाहून मान हलवली. वैशालीने टेबल पुसलं, मी खोका उघडला. घरातले, शेजारचे सगळे "मायवं!" करून ओरडले. आई नुसती पाहत राहिली.

वैशालीने सुरी पुढे केली. आईने हात मागे घेतला.

"सुरी? मशीनीवर?" ती वैशालीला म्हणाली. "दसऱ्याले पूजा करतो न आपण तिची. मी नाई कापत."

झालं! साडेचार हजार, तीन दिवसांची मेहनत, रस्ताभराची थंडी, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या बाईने चाळीस दसरे मशीनला हळदकुंकू वाहिलं, तिच्या हातात मी सुरी देत होते. शेजारच्या बायांनीही माना डोलावल्या. आई उठली, देवाजवळचा करंडा घेऊन आली आणि केकला कुंकू लावायला खाली वाकली. कुंकवाचं बोट तसंच हवेत थांबलं.

तिने चष्मा वर केला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मने," आई म्हणाली. मला! सरळ मला! "हे चाक कावून इकडे हाय?"

"म्हणजे?"

"चाक उजव्या हाताले राहते. हे डाव्या हाताले हाय. सुई बी तिकडच्या टोकाले गेली. अशी मशीन राहतच नाई. कोन शिवन हिच्यावर?"

माझी ट्यूब पेटली. आईचा मशीनसोबतचा माझ्याकडे एकच फोटो होता, गेल्या वर्षी आम्ही दोघींनी घेतलेला सेल्फी. माझ्या फोनात सेल्फी आरशासारखा उलटा येतो. आपांनी बिचाऱ्यांनी तंतोतंत केलं होतं, उलट्या फोटोवरून उलटी मशीन. मी ती तीनदा डोळे भरून पाहिली आणि एकदाही मला कळलं नव्हतं. त्या मशीनच्या शेजारी बसून मी दहावीपर्यंत अभ्यास केलाय.

"चाळीस वर्षं पाहिली तू मशीन," आई म्हणाली, "अन् चाक कोन्या बाजूनं हाय थे तुले ठाव नाई."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणून देऊ शकली तू भंगारात."

ह्यांनी शिंक दाबून धरली.

"मशीन गेली त्याचं नाई मले," आई म्हणाली. "लोखंड होतं थे. पाय दुखत माये, मीच कोनाले तरी देली असती. पण तू मले इचारलं नाई वं. माई वस्तू, अन् मलेच नाई इचारलं. मी का मेली होती?"

मी रडले. सात महिन्यांत मी फोनवर दहा वेळा म्हटलं होतं की नवीन घेऊन दिली ना. एकदाही म्हटलं नव्हतं की चुकलं. तेव्हा म्हटलं, सगळ्या गल्लीसमोर, नाक पुसत. आईने ऐकून घेतलं. मग कुंकवाचं बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि म्हणाली, "आन थे सुरी. हे माई मशीन नाईच. हिले कापाले काय होते?"

आणि तिने चाकापासूनच सुरुवात केली.

आत चॉकलेटचा केक होता, चव उत्तम. फाँडंट मात्र फार गोड, ते सगळ्यांनी काढून बाजूला ठेवलं. उरलेली अर्धी मशीन फ्रीजमध्ये मावेना, म्हणून भाजीचा कप्पा बाहेर काढला. रात्री मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पोळी आणि वांग्याची भाजी खाऊन स्वेटरशिवाय परत निघालो. दीड तासात अमरावती.

आता तुमच्यासाठी. साडेचार हजारांचा केक घ्यावा का? चवीसाठी नका घेऊ, हजाराचा केकही तसाच लागतो. कौतुकासाठी घ्यायचा तर घ्या, पण आपांना फोटो देताना सेल्फी देऊ नका. आणि कोणाची माफी मागायची असेल तर आधी नुसती मागून पाहा, फुकट असते. मला हे कळायला तीन किलो साखर लागली.

घरी येऊन चप्पल काढत होते तेवढ्यात फोन वाजला. वैशालीचा नंबर.

"बोल वैशाली," मी म्हटलं.

"वैशाली भांडे घासून राहिली," पलीकडून आई म्हणाली. "तू सांग, केवढ्याचा होता थो केक? खरं सांगजो."

खरं सांगितलं. मग आईने मला पंचवीस मिनिटं झापलं. मी तिथेच दारात, उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलं.