मुऱ्हाळ्याची फटफटी

इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या हातून कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात होत नाही. दहावीदेखील झाली नव्हती. पण त्या दिवशी जळगावच्या आमच्या ओट्यावर ती जुनी फटफटी डुग-डुग-डुग करत उभी राहिली आणि मी हातातला पाना असा काही वर धरला की बायको म्हणाली, "खाली घ्या तो. पंख्याला लागेल."

फटफटी वडिलांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. वडील दर अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, तिच्यावरून मुऱ्हाळी म्हणून पिंपळनेरला जायचे, म्हणजे सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला. आमची ही एकच आत्या. धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घरासमोर फटफटी थांबली की आम्ही पोरं आधी आत्याच्या पिशवीवर तुटून पडायचो, मग पाया पडायचो. गुडघे कुरकुरायला लागले तरी वडिलांनी हे काम कोणाला दिलं नाही. मग मागच्या थंडीत ते गेले आणि फटफटी परसातल्या पत्र्याखाली उभी राहिली.

ही त्यांच्या माघारची पहिली आखाजी. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. वडिलांची घागर भरायची आणि त्यांची बहीण नाही, हे आईला काही पटेना. मी आत्याला फोन केला.

"माले लेवाले मना भाऊ येत व्हता," आत्या म्हणाली. "आते कोण ई?"

"मी येतो ना. कार घेऊन येतो."

"मोटारमा मना जीव वर-खाले व्हस." हे खरं होतं. एसटीतसुद्धा ती लिंबू नाकाला लावून बसायची. मग जरा थांबून, मला टाळायला म्हणा की चिडवायला म्हणा, ती म्हणाली, "तुना बापनी फटफटी शे ना? ती लई ये. मंग दखसूत."

तिला वाटलं असेल, विषय मिटला. पण माझा स्वभाव असा की कोणी 'जमणार नाही' म्हटलं की माझ्या तोंडून 'जमेल' निघून जातं आणि डोकं मागून धापा टाकत येतं. "आणतो की!" मी म्हणालो.

फटफटी धुळ्याहून टेम्पोत घालून जळगावला माझ्याकडे आणली. इंजिन पूर्ण उतरवलं. बोअर करून घेतला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले. बोअरचं काम तेवढं बाहेर दिलं, बाकी सगळं मी फोनवर व्हिडिओ बघून केलं. व्हिडिओतला माणूस पंजाबी बोलत होता. मला पंजाबी येत नाही, पण आत्मविश्वासाला भाषा लागत नाही. जोडून झाल्यावर तीन नट उरले. ते मी बायकोला दिसू नयेत म्हणून खिशात टाकले आणि नंतर तिनेच ते धुण्याच्या बादलीतून काढून माझ्यासमोर ठेवले.  

तिची तक्रार वेगळीच होती. "घरभर पेट्रोलचा वास येतो. माझं लोणचं नासेल."

टाकीचं झाकण जुनं, सैल. त्यात आमच्याकडचं ऊन. मला वाटलं, निम्मं पेट्रोल नुसतं उडूनच जात असणार. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, झाकणाच्या आत चिकटवला आणि झाकण असं घट्ट बसवलं की लोणच्याच्या बरणीनेही लाजावं. वास बंद. माझी छाती चार बोटं फुगली.

मग सुरू झाल्या चाचण्या. फटफटी झोकात निघायची, गावाबाहेर पडून पाळधीकडे लागायची आणि तिथल्या आसपास दोन आचके देऊन गप्प. किक मारून पोटऱ्या भरून यायच्या. कडुनिंबाखाली अर्धा तास बसलं की पुन्हा पहिल्या किकला चालू, जणू मीच उगाच थांबलो होतो.

गरम झाली की मरते, थंड झाली की जगते. निदान सोपं होतं: प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल. कॉइल बदलली. पाळधीला बंद. प्लग बदलला. पाळधीला बंद. कार्बोरेटर साफ केला, टाकीचा पाइप काढून पाहिला, पेट्रोल धो-धो आलं. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नाही, असं मी ठरवलं. आता सांगतो, ही तपासणी मी घरी ओट्यावर केली होती, जिथे फटफटी कधी बंदच पडत नव्हती. पडसं नागपूरला झालं आणि नाक पुण्यात तपासलं, असला प्रकार.

पाळधीच्या चहावाल्याकडे माझी रोजची बैठक झाली. तिथे प्रत्येकाचं मत तयार असायचं.

"भाऊ, पिस्टन जाम होतोय."

"नाही हो, टायमिंग हललंय."

"भाऊ, गाडीला लिंबू-मिरची बांधली का?"

चहावाला मात्र गंभीरपणे म्हणाला, "काही दुरुस्त करू नका. धंदा बरा चाललाय."

पिस्टन जाम होतोय, ही भीती माझ्याही मनात होती. म्हणून इंजिन पुन्हा उघडलं. आत सगळं स्वच्छ, ओरखडा नाही. पुन्हा जोडलं. या वेळी एकच नट उरला. प्रगती होती.

आखाजी तोंडावर आली. बायको म्हणाली, "सरळ सांगा आत्यांना, जमलं नाही." मी सांगू शकलो असतो. पण मग आत्या आली नसती, आणि पुढच्या वर्षी तिने विचारलंही नसतं. भाऊ गेला की बहिणीचं माहेर असं हळूच, कोणी न मोडता मोडतं. आदल्या दिवशी पहाटे मी फटफटी काढली आणि बंद पडत, बसत, पुन्हा निघत संध्याकाळी पिंपळनेरला पोचलो. एखाद्या म्हाताऱ्या बैलाला चारत चारत बाजारात न्यावं तसा.

आत्या दारातच उभी होती. फटफटीकडे बघितलं, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. एवढंच.

सकाळी लवकर निघालो. आत्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली, पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. घागर दुपारच्या आत भरायची होती. साक्रीच्या अलीकडे एकदा बंद पडली, तेव्हा आत्याने बाभळीखाली बसून मला दशमी खाऊ घातली. साक्री मागे टाकली. पुढे नेरच्या अलीकडे फटफटी पुन्हा मेली, तेव्हा मात्र आईचा फोन आला. "ऊन डोक्यावर आलं रे. घागर मांडून ठेवलीय."

मी किक मारत राहिलो. एक ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "आजीला बसू द्या ट्रॉलीत. सोडतो धुळ्याला."

"तू जाय भाऊ," आत्या म्हणाली. "आम्ही आमनी फटफटीवर जासूत." मग पदराचं टोक नाकाशी नेऊन हुंगत मला म्हणाली, "पन आज पेट्रोलना वास कसा नही येत रे? तुना बापना मांगे बसनू का बठ्ठं लुगडं वास मारे. घर येस्तोवर डोकं चढे."

मला वाटलं, पेट्रोल तर संपलं नाही? टाकी हलवली, आत डुचमळलं. इतके दिवस मी एवढंच करत होतो. हलवायचं, ऐकायचं, खूश व्हायचं. पण आत्याचं ते वाक्य टोचत राहिलं, म्हणून पहिल्यांदाच, भर रस्त्यावर, मी झाकण उघडायला घेतलं. ते निघेना. रुमाल गुंडाळून जोर लावला, तेव्हा टाकीने 'सूंऽऽ' करून असा श्वास आत ओढला की आत्या दचकून मागे सरकली.

मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो. त्याच्या मधोमध एक बारीक भोक होतं, टाकीत हवा जावी म्हणून ठेवलेलं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला हवी. ते भोक मी सायकलच्या ट्यूबने बुजवलं होतं. अर्धा तास थांबलं की कुठल्याशा फटीतून थोडी हवा झिरपायची, म्हणून ती पुन्हा जगायची. पुन्हा उघडलेलं इंजिन, नवी कॉइल, पाळधीचे सगळे चहा, सगळं त्या लोणच्याच्या बरणीपायी.

"काय व्हयनं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. हिला मीच गळा दाबून धरला होता."

ट्यूबचा तुकडा ओरबाडून शेतात भिरकावला. फटफटी पहिल्या किकला चालू झाली. नेर गेलं, कुसुंबा गेलं, ती थांबली नाही. खड्ड्यात आदळली की झाकणातून दोन थेंब उडायचे आणि वारा तो वास मागे न्यायचा. आत्याने खांद्यावरची पकड जरा आवळली. "आते ऊना," ती म्हणाली, म्हणजे आता आला, आणि ती पकड देवपूर येईपर्यंत सैल केली नाही. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही पडलो असतो.

दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत्याला सरळ उभं राहता येईना, कंबर फटफटीच्याच आकाराची झाली होती. तशीच वाकून ती आत गेली, हात धुतले आणि घागरीत पाणी ओतलं. वर डांगर ठेवलं, त्या उन्हात पिकलेलं पिवळं खरबूज. त्याच्या शेजारी सांजोरी. मग घागरीला म्हणाली, "पी भाऊ," अगदी रोजच्या आवाजात, आणि आईने तोंड दुसरीकडे वळवलं.

दुपारी पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाल्यावर आत्या मधल्या खोलीत फरशीवर आडवी झाली. तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन. उद्या निघतेस ना, असं तो विचारत होता, कारण एकाच रात्रीचं ठरलं होतं. आत्याने डोळेही उघडले नाहीत.

"उद्या कसानं? मी माहेरले येल शे," ती म्हणाली. "तुम्हनं तुम्ही रांधा आनि खा."