वंदनाचे उंदीर आणि माझा पाण्याचा चार्ट

वंदनाचा उंदीर दांड्यावरून पडेचना.

फिरत्या दांड्यावर उंदीर सोडायचा, वेग हळूहळू वाढवायचा आणि तो किती वेळ टिकतो ते बघायचं, अशी ती टेस्ट. म्हातारा उंदीर लवकर घसरतो. माझे सगळे घसरून खाली बसले होते. तिचा तेवढ्याच वयाचा उंदीर मात्र पळतच होता. आमचे हेड सिद्दिकी सर खूश झाले.

"क्या बात है! वंदना, हा तर आपल्या आधी रिटायर व्हायला तयार नाही."

माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला सांगू, तो निव्वळ मत्सर होता.

वाळूजच्या एका औषध कंपनीत मी सीनियर सायंटिस्ट होतो. काम होतं म्हातारपण लांबवणाऱ्या औषधाचं. पेशीला अन्न मिळालं की आत निरोप जातो: वाढ. अन्न कमी पडलं की निरोप मंदावतो, आणि पेशी वाढ थांबवून आतली साफसफाई काढते. वय झाल्यावर हा 'वाढ'चा निरोप गरज नसतानाही चालू राहतो आणि आत मोडतोड साचते. निरोप नेणाऱ्या साखळीला पाथवे म्हणतात. आमच्या पाथवेचं नाव एमटॉर. त्याला थोडं गप्प करतील अशी दोन औषधं आम्ही उंदरांवर तपासत होतो. एक माझं, एक वंदना जाधवचं. ज्याचं चालेल तो प्रोजेक्ट लीड होणार होता.

वंदना कन्नड गावाच्या पुढच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी तीन पिढ्यांच्या कारकुनी घरातला कुलकर्णी. कागदावर आपल्याला कुणी हरवू शकत नाही, हा माझा जुना गैरसमज. ती लॅबमध्ये आल्यापासून सर आधी तिला विचारायचे, मग मला. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र रोज मोजत होतो.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. बीड बायपासला सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक गेटवर टँकर. कंपनीचंही पाणी कापलं होतं. उंदरांना फिल्टरचं पाणी लागतं, ते मोजकंच मिळायचं. त्याचं वाटप माझ्याकडे होतं. मी चार्ट केला. माझ्या उंदरांना पूर्ण बाटली. तुलनेसाठी ठेवलेले बिनऔषधाचे उंदीर माझ्याच रॅकवर होते, त्यांनाही पूर्ण. वंदनाच्या उंदरांना अर्धी. कारण लिहिलं, 'जुन्या प्रयोगाला प्राधान्य'. खरं कारण लिहायला चार्टमध्ये रकाना नव्हता.

ती एकदा येऊन म्हणाली, "सर, बाटल्या सकाळी कोरड्या पडतात. थोडं वाढवता का?"

"दुष्काळ आहे वंदना. सगळ्यांनीच सोसायचं."

ती तिचं रजिस्टर उचलून गेली. मी ते विसरूनही गेलो.

आता तिचे उंदीर पळायला लागल्यावर मी खोट शोधायला बसलो. रोज तिच्या पिंजऱ्यांपाशी चक्कर. आठवड्याभरात सापडली! तिचे उंदीर माझ्या उंदरांपेक्षा हलके होते आणि खाण्याच्या जाळीत गोळ्या शिल्लक राहत होत्या. म्हणजे ते कमी खात होते. कमी खाल्लं की हा पाथवे आपोआप शांत होतो, शिवाय हलका उंदीर दांड्यावर जास्त टिकतो. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. "सर, हे औषध नाही. हा उपास आहे."

सिद्दिकी सरांनी वंदनाकडे बघितलं.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. "रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मी तेच लिहिलंय की. हा रिझल्ट धरू नका म्हणून."

शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. जळायला पहिल्या पानावरचा ग्राफ पुरेसा होता.

"पण खाणं कमी का झालं?" सरांनी विचारलं.

"पाणी कमी पडलं सर. आमच्याकडं गुरांचं असंच होतं. पाणी नाय मिळालं की वैरण तशीच राहती. तोंड कोरडं असलं की चारा उतरत नाय."

"आणि पाणी का कमी पडलं?"

वंदनानं रजिस्टर पुढं सरकवलं. रोजच्या बाटल्यांची नोंद होती, आणि पहिल्याच पानावर माझा चार्ट चिकटवलेला होता. सरांनी चष्मा वर केला.

"कुलकर्णी, ये साइन किसकी है?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला मी भर मीटिंगमध्ये उभा राहिलो, आणि मुसळ माझ्याच सहीचं निघालं. "माझी," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

समान पाण्यावर दोन्ही प्रयोग पुन्हा झाले. तिचे उंदीरही माझ्या उंदरांसारखेच धपाधप पडले. दोन्ही औषधं फायलीत गेली. कमी खाणारा उंदीर चपळ राहतो, हे जगाला आधीपासून माहीत होतं. ते पुन्हा सिद्ध करायला मी एका चांगल्या मुलीचं पाणी तोडलं होतं.

औषध कुणाचंच चाललं नाही, तरी सरांनी लीड वंदनालाच केलं. पाण्याचा चार्टही तिच्याकडे गेला. पहिल्याच दिवशी मी हळूच जाऊन माझा रॅक बघितला. टँकर दोन दिवस आला नव्हता, तरी माझ्या बाटल्या तिच्या बाटल्यांइतक्याच भरलेल्या होत्या, एक रेघही कमी नाही.

मला त्याचाही हेवा वाटला.