मणी नसलेला जावई

माझ्या सासूबाई अनारकुल आपा ज्याला निळा मणी बांधतील त्यालाच त्यांच्या गावात किंमत. गाय दुधाला चांगली निघाली, बांधला मणी. नातू गुटगुटीत झाला, शिवला टोपीला. नजर चांगल्यालाच लागते, मरतुकड्याकडं कोण ढुंकून बघतं, असा त्यांचा सरळ हिशोब. मला त्यांचा जावई होऊन सात वर्षं झाली. मला मणी नाही.

तसा मी, मिर्लान, अगदीच टाकाऊ माणूस नाही. नारिन शहरातल्या कॉलेजात संगणक शिकवतो. फक्त मला घोड्यावर बसता येत नाही, आणि आमच्या डोंगरात हे व्यंगच मानतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आलो तेव्हा एका बाजूनं घोड्यावर चढलो आणि दुसऱ्या बाजूनं उतरलो, मध्ये थांबलोच नाही. मेंढी कापली की छातीचा तुकडा जावयाच्या मानाचा. तो मला मिळतो, नाही असं नाही. पण वाढता वाढता मेव्हणा बोलोत हमखास म्हणतो, "खा दाजी बिनघोर. मेंढीचंय. पाडायचं न्हाई."

ही सगळी नाचक्की एकदाच धुऊन टाकावी म्हणून मी यंत्राला घोडे ओळखायला शिकवायचं ठरवलं. फोटो बघून घोडा धड आहे की लंगडा हे यंत्रानं सांगायचं. बसता येत नाही ना? मग बघून तर दाखवू! गावोगाव हिंडून फोटो जमवले. जनावरांच्या डॉक्टरला धरून कुठला धड, कुठला लंगडा अशी खूण प्रत्येकावर करून घेतली आणि ते सगळं यंत्राला चारलं. यंत्र पटापट शिकलं. नवा फोटो दाखवला की फटकन उत्तर, आणि उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर! राजधानीत, बिश्केकला, विद्वानांच्या सभेत मी निबंध वाचला. टाळ्या पडल्या. परत येताना मोटारीत माझी मान इतकी ताठ होती, की शेजारच्या बाईनं विचारलं, "मान आखडलीय का भाऊ?"

सगळ्यात जास्त हुरळले ते सासरे. कासिमालीबाबा म्हणजे कुणाला चांगलं म्हणायचं तर ज्यांची दाढ दुखते असा माणूस. ते चहाला बसले की सांगायला लागले, "आमच्या जावयाचं यंत्र नुसत्या फोटूवरनं घोड्याचा पाय सांगतं, हाय कुठं!" मी शेजारी बसून नम्रपणे बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, चघळायचो. घास घशाखाली उतरत नसे, इतका नम्र.

आता आमच्याकडं उन्हाळ्यात वर जैलूवर, म्हणजे डोंगरातल्या कुरणावर जायच्या आधी प्रत्येक घर आपली जनावरं नदीच्या खडीवर पळवून बघतं. जे लंगडेल ते मागं राहतं. कारण वाटेत खिंड आहे, आणि खिंडीत बर्फात बसलेलं घोडं पुन्हा उठत नाही. बाबांची लाडकी घोडी जेरेन त्या वर्षी पहिलटकरीण. अंगाशी शिंगरू. दोन-तीन दिवस जरा अंग चोरून उभी राहत होती. बाबांनी मला हाक मारली. मी फोटो काढला. यंत्र म्हणालं, धड.

"झालं तर," बाबा म्हणाले. "खडीवर कशाला दमवायची बाळंतिणीला?"

निघायच्या सकाळी अंगणात सगळे गोळा झाले. खाण्यासाठी दस्तरखानाचं कापड पसरलेलं, त्यावर साय, चहा. अशी आयती गर्दी बघून माझ्या अंगात आलं. यंत्र फोटोत नेमकं कुठं बघून उत्तर देतं, ते लाल रंगानं आणि जिथं बघत नाही ते निळ्यानं दाखवायची एक नवी रीत निघाली होती. ती मी आदल्याच आठवड्यात यंत्रात बसवली होती, करून मात्र बघितली नव्हती. म्हटलं, आता दाखवावं. खुरांवर कसं लालभडक होतं ते बघून बोलोतचं तोंड तरी बंद होईल.

लॅपटॉप उघडला. जेरेनचा फोटो लावला. खुरं निळीशार. गुडघे निळे. लाल ठिपका फक्त एका ठिकाणी, कपाळावर. आपांनी बांधलेल्या मण्यावर.

"अगं बया!" आपा टाळी वाजवून म्हणाल्या. "यंत्रालाबी मणी दिसला की!"

लोक वा वा करू लागले. मी मात्र शिकवणीचे जुने फोटो भराभर उघडून बघितले. धड घोड्याला मणी, लंगड्याला नाही. नजर चांगल्यालाच लागते ना! माझं यंत्र इतके दिवस पाय बघतच नव्हतं. मणी बघत होतं. आणि गावोगावच्या सगळ्या सासवा आपांसारख्याच, म्हणून उत्तर बरोबर येत होतं.

गप्प बसता आलं असतं. खरंच सांगतो, तीन घोट चहा होईपर्यंत मी गप्प बसलोही. तेवढ्यात शिंगरू आईच्या पोटाखाली शिरून लुचायला लागलं, आणि जेरेननं पुढचा एक पाय हळूच उचलून धरला.

"बाबा," मी म्हणालो, "थांबा. यंत्राला काही कळत नाही."

"म्हंजी?"

मी उठून जेरेनचा मणी सोडला. आपा किंचाळल्या, "आरं, नजर लागंल!" पुन्हा फोटो काढला. यंत्र म्हणालं, लंगडी. बोलोतनं आपला बिनमण्याचा दांडगा घोडा पुढं आणला. लंगडा. मग त्यानं माझ्याच हातातला फोन घेऊन माझ्यावर रोखला.

"दाजीबी लंगडं!"

"मणी लाव, मणी लाव त्यास्नी!" कुणीतरी ओरडलं. मीच हातातला मणी माझ्या कानाशी धरला. यंत्र म्हणालं, धड. माणसं जमिनीवर गडबडा लोळली. सात वर्षांत पहिल्यांदा मला मणी लागला तो असा.

बाबा हसले नाहीत. त्यांनी जेरेनची दोरी धरली आणि तिला नदीकडं नेलं. आम्ही सगळे मागून. खडीवर पळवली. एका पायाला मान वर, दुसऱ्याला खाली, वर, खाली. आंधळ्यालाही कळलं असतं. नुसत्या आवाजावरून.

"खिंडीत कळलं असतं तर?" बाबा हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घोडी, शिंगरू आणि मी मागं राहायचं ठरलं. तिघांत बिनकामाचा मी एकटाच. निघताना आपांनी माझ्या हातातून मणी मागून घेतला. मी निर्लज्जपणे मनगट पुढं केलं.

"तुला? तुला रं कोण नजर लावणार, पोरा?" असं म्हणून त्यांनी तो माझ्या फोनला बांधला. "ह्याचीच नजर वंगाळ."

मग रोज कोमट मिठाच्या पाण्यात जेरेनचा खूर बुडवून बसायचं. पहिल्या दिवशी तिनं बादली माझ्या मांडीवर उलटी केली, नंतर मात्र सवयीनं, माझी मांडी नीट बघून बघून. खुरातलं गळू फुटलं, पू वाहून गेला, पाय हलका झाला. मी घोडी खडीवर पळवली. पुन्हा पळवली. मान हलली नाही. मग दोरी धरून तिला खिंडीतून वर नेलं. चालत. बसलो असतो तर पुन्हा आपलं एका बाजूनं चढणं आणि दुसऱ्या बाजूनं उतरणं.

जैलूवर पोचलो तेव्हा बाबा तंबूबाहेर उभे होते. शिंगरू पुढं पळालं.

"यंत्र काय म्हणतंय?"

"विचारलं नाही. खडीवर पळवली."

त्यांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, किमिझचा वाडगा भरला आणि पहिला माझ्या हातात दिला. आपांनी माझ्या फोनचा मणी सोडून जेरेनच्या कपाळावर बांधला, थू थू करून.

मला काही बांधलं नाही. पण वाडगा दुसऱ्यांदा भरताना बोलोतनं विचारलं, "दाजी, आता नवं यंत्र करणार काय?"

"करणार. खडीवर पळणाऱ्या घोड्यांची चलचित्रं घेऊन. सगळ्यांचे मणी सोडून."

"मणी सोडून?" आपा आतून म्हणाल्या. "बघू बरं कोण सोडतंय!"

म्हणून सध्या काम तिथंच अडलेलं आहे.