भिंतीवरचे दोन खिळे

मंदी आल्यावर दुबईतून माणसं नाहीशी व्हायला लागली, पण आमच्या साहेबांनी हे काम मंदीच्या बरंच आधी सुरू केलं होतं. इतक्या हौसेने आणि इतकं कोणाच्याही लक्षात न येता नाहीसा होणारा दुसरा माणूस अख्ख्या अमिरातीत नसेल. साहेब म्हणजे माझे साहेब नव्हेत. मला साहेब नाही, कधी नव्हता. मी राजापूरचा, रास अल खोरला माझं फ्रेमांचं वर्कशॉप, मालक मी आणि सुतारही मीच. ते हॉटेलं सजवणाऱ्या एका कंपनीत होते. मूळचे पुण्याचे, राहायला अल बर्शाला, बायको आणि मुलीसह. चित्रांना फ्रेमा करून घ्यायला माझ्याकडे येत. कामापुरतं यावं आणि जावं, तर नाही. स्टूल ओढून बसत, भुस्सा पँटला लागू नये म्हणून खाली रुमाल अंथरत. भुस्सा तरी लागायचाच. मग उठताना तो रुमाल झटकत, माझ्या ताज्या पॉलिशवर.

त्यांच्या या नाहीसं होण्याचं मूळ एका बाईत होतं. गैरसमज नको, बाई चित्रातली. फुजैराच्या एका नव्या हॉटेलच्या लॉबीत लावायला त्यांनी मोनालिसाची छापील नक्कल आणली. मी म्हटलं, "साहेब, हिला भुवया पण नाहीत. सोनेरी फ्रेम कशाला? साधी पट्टी मारतो." साहेब असे दुखावले की जणू मी त्यांच्या आत्याबद्दल बोललो.

"चाचा, शंभर वर्षांपूर्वी ही म्युझियमच्या भिंतीवर चारचौघींसारखी टांगलेली होती. जाणकार हिचं नाव घ्यायचे, पण रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नाही. एक दिवस गेली चोरीला! सगळ्या पेपरांत फोटो. आणि लोक रांगा लावून काय बघायला आले माहीत आहे? रिकामी भिंत. चित्र होतं तेव्हा जे फिरकले नाहीत, ते खिळे बघायला आले. दोन वर्षांनी सापडली, तेव्हा ती साऱ्या जगाची झाली होती."

"चोरली कोणी?"

"तिथे काचा बसवायला असलेल्या एका कामगारानं."

तेव्हा कुठे मला गोष्ट पटली. म्हणजे बाईला मोठं केलं ते आमच्या धंद्यातल्या माणसानं. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण एवढं कळतं. सोनेरी फ्रेम केली, आणि नक्षीचीच केली.

साहेबांनी मात्र त्यातून भलताच धडा घेतला. आपणही अधूनमधून नाहीसं झालं पाहिजे, म्हणजे लोकांना किंमत कळेल. त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ऐन आरतीच्या वेळी मागच्या दाराने सटकून ते माझ्याकडे आले, मोबाइल पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "आता बघा चाचा, कशी शोधाशोध होते." मी दोन फ्रेमा जोडल्या. फोन एकदाच वाजला. बँकेचा होता, कर्ज हवंय का म्हणून विचारत होते. पुढे ऑफिसच्या पार्टीतून सटकले, मेव्हण्याच्या वाढदिवसातून सटकले. एकदा तर सुट्टीच्या दिवशी घरात न सांगता येऊन बसले. चार तासांनी मुलीचा फोन आला. मला ऐकू यावं म्हणून साहेबांनी मुद्दाम स्पीकर लावला.

"बाबा, व्हेअर इज द रिमोट?"

"सोफ्याखाली बघ," साहेब म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले, चेहरा उजळलेला. "विचारलं की नाही तिनं?"

"रिमोटचं विचारलं."

"पण विचारलं मलाच ना!"

मग मंदी आली. फुजैराचं हॉटेल अर्ध्यावर थांबलं, ऑर्डर खलास, आणि सोनेरी फ्रेममधली बाई माझ्याच भिंतीवर राहिली. साहेबांच्या कंपनीला टाळं लागलं. त्यांनी बायको-मुलीला पुण्याला पाठवलं आणि स्वतः दुसरी नोकरी बघत थांबले. तेव्हापासून रोज यायला लागले. पण आता ते मोबाइल खिशातच ठेवत. ज्यांच्यापासून नाहीसं व्हायचं, तीच माणसं राहिली नव्हती. आम्ही दोघं बाईसमोर चहा प्यायचो. पट्ट्या कापायचं मशीन बंदच असायचं.

एका दुपारी ते म्हणाले, "चाचा, मी उद्यापासून येणार नाही."

"नका येऊ. माझं स्टूल मोकळं होईल."

ते हसले. भिंतीकडे बोट करून म्हणाले, "हिला नेऊ का?"

"न्या. तुमच्याशिवाय तिच्याकडे बघतंय कोण?"

चादरीत गुंडाळून, काखेत धरून घेऊन गेले. मला वाटलं, येतील चार दिवसांनी. कधीही सांगून न जाणारा माणूस त्या दिवशी सांगून गेला होता, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा त्यांचा नंबर बंद झाला होता.

भिंतीवर दोन खिळे आणि एक फिकट चौकोन राहिला. आणि साहेबांची गोष्ट शब्दशः खरी ठरली. ज्यांनी कधी मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं, ते दारातच थबकायला लागले. मलबारी चहावाला किटली घेऊन उभा राहिला, "चाचा, वो औरत किधर गया?" काचा पुरवणारा पठाण तर चौकोनाकडे बघत कितीतरी वेळ उभा होता. त्या चौकोनाच्या खालीच साहेबांचं स्टूलही रिकामं होतं. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

पुढे धंदा परत उभा राहिला. पठाण म्हणाला, "इधर आईना लगाओ." मी म्हटलं, खिळ्यांना हात लावायचा नाही. यात आठवणबिठवण काही नाही. भिंत माझी आहे.

आता कोणी बाईचं विचारलं, तर मी 'विकली' म्हणत नाही. "साहब लेके गया," एवढंच म्हणतो आणि गप्प राहतो. माणूस कितीही घाईत असो, त्याला विचारावंच लागतं, "कौन साहब?"

मग मी मशीन बंद करतो आणि त्याला बसायला खोका देतो. स्टूल देत नाही.