डेबऱ्या हाताचा कोयता

आमच्या स्मशानाच्या वाटेवर येडी बाभूळ माजली होती, आणि ती कोणी तोडायची नाही अशी शपथ वस्तीला मीच दिली होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कोणी माझी कीव करू नये.

गाव वलगावच्या पुढे. गावात स्मशानं दोन. एक वरच्या आळीचं. तिथे सिमेंटचा रस्ता, पत्र्याचं शेड, टेकायला बाकडी. दुसरं आमच्या बौद्ध वस्तीचं, नाल्यापलीकडे. तिथे जायला एक पायवाट आणि दोन्ही अंगांनी काटे. पंचायतीत अर्ज दिला की उत्तर ठरलेलं: श्रमदान करा. मी तेव्हा अकोल्याला एका संघटनेत पत्रकं लिहायचे. गावासाठीही लिहिलं. त्यांना रस्ता निधीतून, आम्हाला श्रमदानातून, हे काहून? त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. विहाराच्या ओट्यावर बसून सह्या घेतल्या: पंचायत वाट करून देत नाही तोवर वस्तीतला एकही हात त्या झुडपाला लागणार नाही. पहिली सही माझ्या वडिलांची.

बाबांनी जन्मभर लोकांचे धुरे साफ केले. दोन वावरांच्या मधल्या बांधावर जे काटेरी रान वाढतं ते तोडायचं, त्यातलं जळतण वेगळं काढून मोळ्या बांधायच्या, हा त्यांचा रोजगार. त्यांचा कोयता घासून घासून विळ्याएवढा बारीक झाला होता. सह्यांनंतर मी एकदा घरी आले तेव्हा म्हणाले, "चाल व, बाजारातून कोयता पाहून येऊ."

मला वाटलं, जुना झिजला, नवा हवा असेल.

बाजारात आधी हार्डवेअरचं दुकान लागलं. चकचकीत कोयते, लाल प्लास्टिकच्या मुठी. मी म्हटलं, "हा घ्या ना, हलका आहे."

"हा फोटो काढाले बरा हाये," बाबा म्हणाले, आणि मला सरळ लोहाराकडे घेऊन गेले. झाडाखाली भट्टी, लोहाराची बायको घण मारत होती, पुढ्यात पोत्यावर पाच-सहा कोयते मांडलेले. बाबांनी एक उचलून पात्यावर नखाने टिचकी मारली.

"आयक. ट्रकच्या पाट्याचं लोखंड हाये, कसं वाजते! पत्र्याचा असता त भद्द वाजला असता." मग पातं दोन बोटांवर आडवं तोललं. "वजन नाकाकडं पायजे. मंग आपल्याले जोर नाई लावा लागत, कोयता आपल्या वजनानंच पडते. अन् हे चोच पाह्य. काट्याची फांदी आंधी चोचीनं वढाची, मंग तोडाची. हात आत घातला का काटा गेलाच म्हनून समज."

मी मोबाइल पाहत होते.

"घे, धरून पाह्य."

"मी काहून धरू?"

"धर त खरी."

इथे मी भाषण ठोकलं. भर बाजारात, माझ्या बापाला. "बाबा, तुमी सही केली ना? पहिली सही तुमची! आपण तोडलं का पंचायत म्हणन, झालं काम, फुकटात झालं. जनमभर दुसऱ्याचं रान तोडलं, अजून हौस नाई फिटली काय तुमची?"

घण थांबला. भाजीवाल्या माना वळवून पाहू लागल्या. बाबांनी कोयता पोत्यावर ठेवला, बाकीच्यांच्या ओळीत नीट सरळ केला आणि म्हणाले, "बरं."

येताना त्यांनी मला आलूबोंडा घेऊन दिला. स्वतः खाल्ला नाही. मला वाटलं, रागावले. त्यांना तेव्हापासूनच अन्न गिळवत नव्हतं हे अमरावतीच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा कळलं, आणि तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हिवाळ्यात ते गेले.

त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेले बाबा चौघांनी उचलले, मी एका अंगाने खांदा दिला. नाला ओलांडला आणि वाट संपली. म्हणजे होती, पण एका माणसापुरती. घराघरात कोयते होते, एकानेही आणला नव्हता. चुलतभाऊ मागून म्हणाला, "ताई, तू फक्त हो म्हन. मी पयत जातो, कोयता आनतो, घडीभरात वाट करून देतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबांची पहिली सही आहे, असं मी मनात म्हटलं. पण ती सबब होती. खरं म्हणजे माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.

मग त्यांनी तिरडी आडवी कलती केली. पुढे दोघं, मागे दोघं, एकामागे एक. काटे कापडात अडकायचे, कोणीतरी सोडवायचं, पुन्हा अडकायचे. एका वळणावर कापड टरकन फाटलं. लोकांच्या वावरातून जाताना बाबा कायम अंग चोरून चालायचे. शेवटीही तसेच गेले.

महिन्याभराने मी एकटी त्या लोहाराकडे गेले. टिचकी मारली, पातं बोटांवर तोललं, चोच पाहिली. एक निवडला. लोहाराने ओंडका पुढे सरकवला, "मारून पाहा." मी मारला. कोयता लाकडावरून घसरून बाजूला गेला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला.

"तुमी डेबऱ्या हा काय? डाव्या हाताच्या?" तो हसला. "मंग कसा बसन! धार एकाच अंगानं काढतो आमी, उजव्या हाताच्या हिशोबानं. डेबऱ्या हाताले उलटी काढा लागते. मूठई येगळी."

"बनवून द्याल?"

"देतो ना. पोळ्याच्या आंधी एका म्हाताऱ्यानं असंच पुसलं होतं. पोरगी डेबरी हाये म्हने, तिच्या हाताचा कोयता बनते काय? मी म्हटलं बनते, पन हात पायल्याशिवाय मी मूठ लावत नाई, तिले घेऊन या. आनली बी बिचाऱ्यानं."

त्याने मला ओळखलं नव्हतं. बायकोने ओळखलं असावं. ती भट्टीकडे पाहत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! हातच नाई लावला तिनं. भांडून गेली. मी त त्याले पयलेच म्हटलं होतं, पोरीले कायले पायजे कोयता, तुमी तोडा. त म्हने, मी सही देली, माया हात बांधला हाये. साऱ्यायचेच बांधले हायेत. तिनंच शपथ घातली, तिनं पयला घाव घातला का मंगच सुटतीन."

लोहाराने माझा डावा हात उलटा करून पाहिला, मुठीचं माप सुतळीने घेतलं. मी हात पुढे धरून उभी राहिले. एवढंच तर करायचं होतं तेव्हा.

कोयता आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाल्यापलीकडे गेले. आई मागोमाग आली. मी चोचीने फांदी ओढली, घाव घातला. आवाज वस्तीत गेला असणार. आधी चुलतभाऊ आला, मग एकेक जण, प्रत्येकाच्या हातात कोयता. पंचायतीला मी नवा अर्ज दिला आहे, आणि वाट आम्ही साफ केली हे त्यात लिहिलेलं नाही, कारण ते त्यांचंच काम होतं.

वळणावर पोचलो तेव्हा काट्याला पांढरी चिंधी लोंबत होती. पावसाने नाही, धुळीने मळलेली. माझा हात थांबला.

आईने पुढे होऊन चिंधी काट्यावरून सोडवली. ओढली नाही, एकेक धागा काढला. घडी करून कमरेला खोचली.

"तोड आता," ती म्हणाली. "अन् एवढा जोर काहून लावून रायली? नाकाकडं वजन हाये त्याच्या."