दीड इंच आखूड बाही

टेलरकाकांना लेकीने कायमचं राहायला बोलावलं ते एका अटीवर: पुस्तकांना एकच फळी. काकांनी तिच्या घरी जाऊन गळ्यातल्या टेपने फळी मोजली. तीस इंच. पुस्तकं होती साडेचारशे. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांचे घेर आत घेतलेल्या माणसाला आता स्वतःचाच घेर आत घ्यायचा होता.

रविवारी वाचनालयाचा टेम्पो येणार होता. लेक आवराआवरीला येऊन बसली. कादंबऱ्या गेल्या, शब्दकोश गेले, प्रवासवर्णनं गेली. गाडं अडलं एका थोर नटाच्या सहा खंडी आत्मचरित्रापाशी. ते एकटंच तेरा इंच खात होतं.

"बाबा, सहा खंड?" लेक म्हणाली. "इतकं कोण जगतं?"

या नटाचा काळा कोट, आतून जांभळ्या अस्तराचा, आपण शिवलाय हे काकांनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की विषय निघाला की लेक जावयाला हळूच डोळा मारायची. पुरावा असलाच तर या खंडांत होता. पण नसला तर? त्या धास्तीने बारा वर्षं त्यांनी एकही खंड उघडला नव्हता. आता गळ्याशी आलं तेव्हा त्यांनी बैठक मारली.

पहिल्या खंडात हा गृहस्थ एकशे बारा पानं जन्मालाच येईना. दुसऱ्यात तो शाळेतून पळाला. तिसऱ्यात त्याचे शत्रू होते, चौथ्यात शत्रूंचे नातेवाईक. न्हावी आला, चहावाला आला, एका मांजरीला तर अख्खं प्रकरण मिळालं. काकांचा त्या मांजरीवर भयंकर जळफळाट झाला.

रविवारी सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि पाचव्या खंडात, पान दोनशे चारवर, कोट आला.

'जांभळ्या अस्तराच्या त्या काळ्या कोटाची डावी बाही शिंप्याने दीड इंच आखूड शिवली होती. ते लपवायला मी हात उंच धरू लागलो, म्हणजे बाही नुसती सरकलीय असं वाटावं. लोकांना वाटलं, काय ही अदा. आजही माझी नक्कल करणारे आधी डावा हात वर करतात.'

काकांचे कान तापले. दीड इंच? आपल्या हातून? मग पोटात कुठेतरी गुदगुल्या सुरू झाल्या, वर चढत गेल्या आणि फुटल्याच. डावा हात उंच धरून, उजव्यात पुस्तक नाचवत ते स्वयंपाकघरात शिरले. लेकीने वाचलं, बापाकडे पाहिलं आणि ओट्याला धरून खालीच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, अस्तरसुद्धा जांभळंच! खरंच तुम्हीच शिवला होता की हो."

"अगं, मापाला हात काठीसारखा ताठ धरला होता त्याने," काका म्हणाले. ते कमालीचे सुखात होते.

खालून पुन्हा हॉर्न आला. लेकीने डोळे पुसले आणि पाचवा खंड घरी न्यायच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला.

"बाकीचे पाचही घ्या बाबा. मी माझ्या चादरी हलवते, दुसरी फळी करते."

"छे, जाऊ देत," काका म्हणाले. "त्यांत नुसता तोच आहे."